मोवर धूर टाकतोय, एअर फिल्टर तेलात भिजलाय: हेड गॅस्केटच आहे का, आणि घरी बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून, 17.5 एचपीचं सिंगल सिलिंडर ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेलं) इंजिन, राइडिंग मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र), चढाला दम तोडतो, सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर, एअर फिल्टर काढला तर तेलाने ओला, आणि दुकानवाला म्हणतो इंजिन गेलं, नवीन मोवर घ्या. थांबा, लगेच घेऊ नका. माझ्या मोवरला अगदी हेच झालं होतं आणि मलाही हेच सांगितलं होतं, तोच मोवर मी अजून वापरतोय.

आधी डिपस्टिक काढून वास घ्या. तेलाची पातळी फुलच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची (पेट्रोल थांबवणारी) नीडल अडकून पेट्रोल तेलात उतरतंय, धूर तसाच दिसतो पण हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) काही संबंध नाही. तेल नुसतं जास्त भरलं असेल तरीही धूर येतो. पातळी बरोबर आहे, वास नाही, आणि तरी एअर फिल्टर तेलकट, मग गॅस्केटवर संशय घ्यायचा. कारण असं की या इंजिनांत सिलिंडरचं भोक आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) जातात ती पोकळी, यांच्यामध्ये गॅस्केटची अगदी अरुंद पट्टी असते आणि बहुतेक वेळा तिथेच जळून फुटतं. मग जळता गॅस पुशरॉडच्या पोकळीतून खाली क्रँककेसमध्ये (तेल असतं त्या भागात) शिरतो, तिथे दाब वाढतो आणि तो दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून तेल एअर फिल्टरकडे फेकलं जातं. बाहेरून कुठे गळती दिसत नाही म्हणून लोक पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून चालतात.

कॉम्प्रेशन गेजवर (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या) फार विसंबू नका. ही इंजिनं सहज स्टार्ट व्हावीत म्हणून कॅमवर कॉम्प्रेशन रिलीज असतो, तो स्टार्ट करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, त्यामुळे चांगल्या इंजिनचंही रीडिंग कमीच येतं. लीकडाउन टेस्ट करा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन टॉपला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ऐकायचं. (हवा सोडली की इंजिन झटक्यात फिरू शकतं, ब्लेड बंद ठेवा, हात लांब.) सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बमधून आली तर इनटेक, आणि तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा हेड गॅस्केट. या दोघांतलं कोण ते हेड खोलल्यावरच कळतं, गॅस्केट फुटलं असेल तर त्या पट्टीवर काळा जळका ओरखडा स्पष्ट दिसतो.

खोलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि प्लगची कॅप आधी काढा, पेट्रोल बंद. कार्बच्या लिंकेज आणि स्प्रिंगांचे चार बाजूंनी फोटो काढा, हे खरंच करा, कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे दोन दिवसांनी आठवत नाही. सायलेन्सरचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, जोर लावला की तुटतात आणि मग हेडचं काम राहतं बाजूला. पुशरॉड काढताना इनटेकचा कुठला, एक्झॉस्टचा कुठला, वरची बाजू कुठली, यावर खूण करा, ते तसेच परत जायला हवेत.

आता मुख्य गोष्ट. गॅस्केट का फुटलं ते शोधल्याशिवाय नवीन टाकू नका. पहिल्यांदा मी जुनं खरवडलं, नवीन बसवलं, बोल्ट आवळले, मोवर छान चालला आणि पुढच्याच सीझनला परत फुटला. मग वरचं ब्लोअरचं आवरण काढून बघितलं तर सिलिंडरच्या फिनांमध्ये (बाहेरच्या, थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये) वाळलेलं गवत ठासून भरलेलं, वर उंदराचं घरटं. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, जी काही थंडाई आहे ती फिनांवरून जाणाऱ्या वाऱ्याचीच. फिना बुजल्या की हेड तापतं, वाकतं, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही चांगलं गॅस्केट टाका ते टिकत नाही. म्हणून आवरण काढून फिना पूर्ण साफ करा, आणि हेडवर सरळ स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पानांचा संच) घालून बघा. 0.003 ते 0.004 इंचाचं पान खालून सरकत असेल तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, लागणार. थोडंच वाकलं असेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून, आधी 220 मग 400, तेल किंवा पाणी टाकून इंग्रजी आठच्या आकारात घासा, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. जास्त वाकलं असेल तर मशीन शॉपला द्या.

ब्लॉकच्या बाजूचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. पुशरॉडच्या पोकळीत आणि सिलिंडरमध्ये फडकं कोंबून ठेवा. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरू नका, त्यांची बारीक पूड तेलात जाते आणि बेअरिंग खाते. गॅस्केट कोरडंच बसवा, सिलिकॉन नको, कुठलाही स्प्रे नको.

बोल्ट तिरक्या जोडीने, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनेच. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या 31 सीरिजला (मॉडेल नंबर 31 ने सुरू होणारी इंजिनं) 220 इंच पाउंड आहे, म्हणजे साधारण 25 न्यूटन मीटर, तेव्हा आधी 70, मग 140, मग 220. मॉडेल नंबर इंजिनवरच ठोकलेला असतो, तुमचा वेगळा असेल तर आकडा त्याचाच घ्या. हाताच्या अंदाजाने आवळू नका, ॲल्युमिनियममधले आटे जातात.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. इथे बरेच जण पिस्टन बरोबर टॉपला ठेवून सेट करतात आणि चुकतात, तो कॉम्प्रेशन रिलीज मध्ये येतो. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाचा टॉप शोधा आणि फिरण्याच्याच दिशेने पुढे नेऊन पिस्टन पाव इंच खाली आणा, मग इनटेक 0.003 ते 0.005, एक्झॉस्ट 0.005 ते 0.007 इंच. हे आकडे याच सीरिजचे. गावी आमच्या फवारणी पंपाला होंडा जीएक्स160 आहे, त्याचे 0.15 आणि 0.20 मिलिमीटर, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. टॅपेट सैल राहिले तर रिलीज नीट काम करत नाही आणि स्टार्टर अर्ध्यातच अडकतो, मग लोक उगाच बॅटरी आणि स्टार्टर बदलत बसतात.

नवीन तेल, नवा एअर फिल्टर, आणि ब्रीदरची नळी आतून पुसून घ्या. पहिली काही मिनिटं थोडा धूर येईल, सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळतं, घाबरू नका. अर्ध्या तासाने पण येत राहिला तर रिंगा बघाव्या लागतील. हेड काढलंत की गॅस्केटचा आणि पट्टीखालच्या फीलर गेजचा फोटो इथे टाका, घासून भागेल की मशीन शॉप लागेल ते बघून सांगतो.