अमेरिकेत इलेक्ट्रिक पिकअप घेतोय. ‘परफॉर्मन्स’साठी 5,000 डॉलर जास्त मोजावेत का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: रिव्हियन कंपनीचा आर-वन-टी हा पिकअप नक्की झालाय, ड्युअल (म्हणजे दोन) मोटर आणि लार्ज बॅटरी. आता ‘परफॉर्मन्स’, म्हणजे त्याच गाडीचा जास्त ताकदीचा पर्याय, घ्यायचा की नाही, यावर गाडी अडली आहे. राहता कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ, दोन मुलं आहेत, आणि उन्हाळ्यात मागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) लावून फिरायचं मनात आहे.

मी हेच सगळं करून बसलोय, म्हणून लिहितो. (इथे पिकअपला सगळे ट्रकच म्हणतात. मी फोनवर आईला ‘ट्रक घेतला’ म्हणालो, तर तिला वाटलं पोरगं नोकरी सोडून वाळूच्या धंद्यात उतरलं.)

मी परफॉर्मन्स घेतला. पैसे पाण्यात गेले असं म्हणणार नाही, पण आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर घेणार नाही. निदान खरेदीच्या दिवशी तरी नाही.

साध्या ड्युअलला 533 हॉर्सपॉवर, परफॉर्मन्सला 665. शून्यापासून ताशी 60 मैल गाठायला साध्याला साडेचार सेकंद, परफॉर्मन्सला साडेतीनच्या आसपास. म्हणजे एका सेकंदाचा भाव 5,000 डॉलर. मी ते कर्जातच घातले. पाच वर्षं, सात टक्के धरले तर महिन्याला 99 डॉलर, एकूण 5,940. माझ्या दोन फोनांचं बिल यापेक्षा कमी येतं.

आता खरी गंमत. दोन्हींत मोटरी त्याच, बॅटरी तीच. फरक सॉफ्टवेअरचा. आपण अख्ख्या कपाटाचे पैसे देतो आणि एका कप्प्याची किल्ली कंपनी वेगळी विकते, तसा प्रकार. याचा राग येऊ शकतो, मलाही आला होता. पण यातच तुमचा फायदाही आहे, कारण ही किल्ली नंतरही घेता येते. गाडी दारात उभी असताना अपग्रेड विकत घ्यायचा, रात्रीत सॉफ्टवेअर उतरतं, सकाळी गाडी जास्त जोरात पळते. तुम्ही घेताय त्या गाडीला ही सोय आहे, एवढं मात्र सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. बॅटरीचं तसं नाही. लार्ज घेतली की लार्जच. दोन वर्षांनी वाटलं म्हणून तिची त्याहून मोठी ‘मॅक्स’ होत नाही.

आणि तुमच्या कॅम्परला लागणार आहे ती बॅटरी.

मी एकदा वहीत हिशोब मांडला होता. ट्रक साधारण 7,000 पाउंडांचा, कॅम्पर 4,500 चा धरा. दोन्ही मिळून 5,200 किलो. डेन्व्हर 5,280 फुटांवर, आणि आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर. एवढं वजन तेवढं उंच चढवायला नुसती विजेची 25 युनिटं जातात. वारा, टायर, हीटर यांचा खर्च वेगळा. लार्ज बॅटरीत सगळी मिळून साधारण 109 युनिटं असतात, म्हणजे चौथा हिस्सा घाटातच संपला. उतारावर त्यातली काही परत येतात, हे खरं. पण तोवर आपलं लक्ष रस्त्यापेक्षा टक्क्यांवर जास्त असतं.

याउलट, सिग्नलवरून बुंगाट सुटून 60 मैल गाठायला किती लागतं? एका युनिटाचा तिसरा हिस्सा. आमच्या आधी गाडी घेतलेले एक काका म्हणायचे की परफॉर्मन्सने रेंज (एका चार्जमध्ये जाता येणारं अंतर) मरते. तसं होत नाही. रेंज मरते ती मोठ्या दातांच्या टायरांनी, थंडीने, आणि मागे भिंतीसारख्या उभ्या असलेल्या कॅम्परने. हवा कापायचा खर्च मोटर किती ताकदीची यावर ठरत नाही. आमच्या कॅम्परने रेंज जवळपास निम्मी होते. युटातल्या मोआबच्या पहिल्या फेरीत वाटेतल्या ग्लेनवूड स्प्रिंग्जपर्यंत एका दमात जाऊ असं मला वाटलं होतं. त्याच्या बऱ्याच आधी, सिल्व्हरथॉर्नलाच थांबलो. तिथे चार्जरची जागा अशी की कॅम्पर सोडल्याशिवाय ट्रक आत शिरेना. पावसाची भुरभुर, मुलं भुकेली, मी कॅम्पर जोडलेला आकडा सोडतोय, बायको छत्री धरून उभी. तेव्हा 665 हॉर्सपॉवरची आठवणसुद्धा झाली नाही.

मॅक्स बॅटरीत साधारण 141 युनिटं येतात आणि ड्युअल मॅक्सची अधिकृत रेंज 420 मैल आहे. कॅम्पर लावून निम्मी धरली तरी 200 च्या वर. महाग आहे, मान्य. पण ते 5,000 डॉलर मी तिकडे वळवले असते.

ओढायच्या ताकदीचं म्हणाल तर साधी ड्युअल कमी पडेल ही भीती काढून टाका. 11,000 पाउंडांची मर्यादा दोघींनाही सारखीच. शिवाय टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे तीन टक्के ताकद गमावतं, बोगद्यापाशी त्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. खंबाटकी घाटात भरलेला 407 पहिल्या गिअरमध्ये रडताना ऐकून मोठे झालेलो आपण, चढ म्हटलं की पोटात गोळा येतो. मोटरला हवा विरळ झाल्याने काही होत नाही. तुमचे 533 बोगद्याच्या तोंडाशीही 533 च.

मग परफॉर्मन्समध्ये मजा नाही का? आहे हो. आय-70 वर चढाला एखादा कंटेनर चाळीसने चाललाय, मागून कोणी येत नाही, आणि पाय दाबला की आपण पुढे निघून गेलेलो असतो. ते सुख दर वेळी नवं वाटतं. पण साध्या ड्युअलनेही हे होतं, किंचित उशिरा. पहिले दोन आठवडे मी प्रत्येक सिग्नलला खेळलो. मग मागच्या सीटवरून ‘बाबा, मळमळतंय’ ऐकू आलं, आणि एकदा कोथिंबिरीची जुडी डॅशबोर्डवरून थेट मागे गेली. त्यानंतर खेळ बंद. सात हजार पाउंडांची गाडी अशी चालवली की टायर साबणासारखे झिजतात, ते वेगळंच.

ट्राय (तीन मोटरी) आणि क्वाड (चार मोटरी) यांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण शोरूममध्ये दाखवतीलच. क्वाडमध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असते, खडकांतून गाडी चालवणाऱ्याला त्याचं मोल कळतं. मुलांना सॉकरला सोडणाऱ्याला नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या सरकारी सवलतीचा विचार आता मधे आणू नका. 7,500 डॉलरची ती सूट 30 सप्टेंबर 2025 ला संपली. पूर्वी पिकअपला 80,000 डॉलर किमतीची मर्यादा होती, तेव्हा लोक मर्यादेच्या आत राहायला पर्याय खोडत बसायचे. ती कसरत तरी वाचली.

तुमच्या जागी मी असतो तर साधी ड्युअल घेतली असती, बॅटरी परवडेल तेवढी मोठी, आणि सहा महिने चालवली असती. त्यानंतरही दर आठवड्याला ‘अजून थोडी पळायला हवी होती’ असं वाटलं, तर रात्री जेवण झाल्यावर फोनवरून 5,000 डॉलर भरायचे. टेस्ट ड्राइव्हला मात्र एकटे जाऊ नका. मुलांना मागे बसवा, आणि त्यांना नाश्ता देऊन आणा.