तो प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नाही

"मुलगा प्रार्थनेला बसतो, पण डोळे मिटत नाही," एवढे एकच वाक्य बोलून त्या बाई थांबल्या आणि एवढ्याशा गोष्टीसाठी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत आलो याचा स्वतःलाच संकोच वाटावा तशा हातातल्या पिशवीचे बंद सारखे करू लागल्या. त्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहेत, पती पोलादाच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात आणि मुलगा दहावीत आहे. दोघांच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे; ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या तक्रारीमागचा प्रश्न मात्र एकट्या त्यांचा नाही. हरिपाठाला न बसणारा मुलगा, नमाज टाळणारा मुलगा, बुद्धवंदनेच्या वेळी मोबाईलवर असलेली मुलगी अशा तक्रारी घेऊन आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि बोलणे थोडे पुढे गेले की प्रत्येकीचा प्रश्न तोच निघतो: मी संस्कार करण्यात कुठे कमी पडले? वडील असा प्रश्न क्वचितच विचारतात. मुलाच्या श्रद्धेचा जाब आपल्याकडे आईलाच द्यावा लागतो, हे मला पटत नाही. पण ते वास्तव आहे आणि या बाईंच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर होता.

त्यांचे घराणे पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, त्या काळातल्या आठवणी त्यांच्या सासरी आजही सांगितल्या जातात. मूळ पुरुषाने गावकी सोडून बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते, असे सासरे नातवाला सांगत असत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही भरत नाही, ०.९६ टक्के आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या वर्गात तर असा विद्यार्थी बहुधा एकटाच असतो. अशा घरातल्या आईला मुलाचे उघडे डोळे पाहून पोटात गोळा येतो, तेव्हा तिला केवळ शिस्तीची काळजी नसते. "ज्यांनी एवढं सोसलं, त्यांचं सगळं माझ्या हातून सुटणार का?" असे त्या म्हणाल्या आणि मग रडल्या.

मी त्यांना घरची संध्याकाळ सविस्तर सांगायला लावली. साडेआठला मुलगा क्लासवरून येतो, त्याच सुमारास त्या ड्युटी संपवून घरी पोहोचतात, भाकरी थापतात आणि नऊनंतर सगळे प्रार्थनेला बसतात. एक गीत, शास्त्रातला म्हणजे बायबलमधला एक भाग, मग सासूबाईंची प्रार्थना, मग त्यांची, आणि पहिली पाळी असेल तर पतीची. हे सगळे साधारण पस्तीस-चाळीस मिनिटे चालते आणि जेवण त्यानंतर होते, कारण सासरे हयात असल्यापासून तसाच रिवाज आहे. सकाळी सातला घर सोडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री साडेनऊपर्यंत भाकरीच्या दुरडीशेजारी बसवले तर त्याचे लक्ष नेमके कुठे असेल, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो विचारलाही. त्या हसल्या नाहीत.

अलीकडे एक नवीन कारण घडले होते. येत्या ईस्टरच्या सुमारास चर्चच्या मंडळीतल्या चार-पाच मुलांचे दृढीकरण ठरले होते, म्हणजे लहानपणी आईवडिलांनी दिलेल्या बाप्तिस्म्याची जबाबदारी मुलांनी सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने स्वीकारायची आणि मग प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, सहभागी व्हायचे. मुलाने त्या वर्गाला जायला नकार दिला होता. महिला मंडळातल्या बायका विचारू लागल्या, नात्यातल्यांचे फोन आले आणि त्याच आठवड्यात बाईंनी माझ्याकडे यायचे ठरवले.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. दहावीचे वर्ष, रविवारी सकाळी नेमकी उपासनेच्याच वेळी क्लासची चाचणी, त्यात मोबाईल, हे सगळे ऐकून हा अभ्यासाच्या ताणाचा आणि वयात येण्याचा नेहमीचाच प्रकार असल्याचे मी मनाशी ठरवून टाकले होते. मुलाला भेटण्याआधीच त्याच्याविषयी मत बनवू नये, हे मी प्रशिक्षणार्थींना दरवर्षी शिकवते.

मुलगा पुढच्या शनिवारी आला. पहिली वीस मिनिटे तो क्रिकेट आणि गणित यांवर बोलला. दृढीकरणाचा विषय मी काढला तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांसमोर उभं राहून माझा विश्वास आहे म्हणायचं असतं. मग ते खरं नको का, मॅडम?" ज्या मुलाला श्रद्धेची पर्वाच नाही तो असे वाक्य बोलत नाही. तो सगळ्यांबरोबर उभा राहिला असता, दोन शब्द बोलून मोकळा झाला असता आणि घरातला तंटा मिटला असता. या मुलाला खोटे बोलायचे नव्हते, म्हणून तो घरच्यांचा राग ओढवून घेत होता. मी डोळ्यांविषयी काहीच विचारले नाही. केवळ, प्रार्थना कठीण केव्हापासून वाटू लागली, एवढे विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग त्याने आजोबांचे नाव काढले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याचे आजोबा रुग्णालयात होते. तो तेव्हा पाचवीत होता. आई दुसऱ्या रुग्णालयाच्या कोविड कक्षात ड्युटीवर होती आणि घरी येऊन कोणाला स्पर्शही करत नव्हती. नातेवाइकांनी फोनवरून साखळी प्रार्थना ठरवली होती: प्रत्येकाने दिवसरात्रीतला एकेक तास वाटून घ्यायचा आणि साखळी तुटू द्यायची नाही. लहानांना दुपारचे तास दिले होते. याच्या वाट्याला चार ते पाच आले. तो पलंगावर गुडघे टेकून बसला, डोळे मिटले आणि उन्हाच्या त्या वेळी त्याला झोप लागली. जागा झाला तेव्हा सहा वाजून गेले होते. त्याच रात्री आजोबा गेले.

ही गोष्ट त्याने चार वर्षांत कोणालाही सांगितली नव्हती. अकरा वर्षांच्या मुलाने मनात जो हिशोब मांडला होता तो पंधराव्या वर्षीही तसाच होता. हा हिशोब खरा नाही हे त्याच्या बुद्धीला कळत होते, पण डोळे मिटले की छातीत धडधडत असे, म्हणून तो ते उघडे ठेवत असे. घरात मृत्यू झाला की त्याचे कारण मुले स्वतःच्या वागण्यात शोधतात, हे आम्हा समुपदेशकांना वारंवार दिसते. बाबा गेले कारण मी त्यांच्याशी भांडलो होतो, आजी गेली कारण मी पाणी आणून दिले नाही. मोठ्यांना हे समजत नाही, कारण मुले ते बोलत नाहीत. आणि मुले बोलत नाहीत, कारण मोठ्यांना ते आधीच माहीत असून ते केवळ दया म्हणून गप्प आहेत, असा त्यांचा समज असतो.

या मुलाच्या बाबतीत तो समज रोज पक्का होत होता. आजोबा गेल्यापासून आईच्या प्रार्थनेत एक वाक्य न चुकता येत असे: "प्रभू, आमच्या प्रार्थनेत काही उणीव राहिली असेल तर क्षमा कर." त्यापाठोपाठ मुलाच्या अभ्यासाचा, आळसाचा, मोबाईलचा उल्लेख होई आणि त्याला सुबुद्धी मागितली जाई. बाईंच्या दृष्टीने ही दोन वेगळी मागणी होती. ऐकणाऱ्याला ती एकच वाटत होती. शिवाय दरवर्षी दुःखसहनाच्या सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, देवळात गेथशेमाने बागेचा भाग वाचला जाई, ज्यात येशू प्रार्थना करत असताना शिष्य झोपी जातात आणि तासभरही जागे राहता आले नाही का, असे तो त्यांना विचारतो. तो भाग ऐकताना आपल्याला बाकाखाली शिरावेसे वाटते, असे मुलाने सांगितले.

मुलाने सांगितलेले मी त्याच्या परवानगीशिवाय आईला सांगू शकत नव्हते. त्याने एक आठवडा मागितला आणि मग, मी समोर असेन तर स्वतःच सांगतो, असे म्हणाला. दरम्यान मी आईला एकटे भेटले. "उणीव राहिली असेल" या वाक्यातली उणीव कोणाची, एवढेच मी विचारले. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले: "माझी. दुसऱ्यांच्या सासऱ्यांना मी ऑक्सिजन लावत होते आणि माझ्या सासऱ्यांजवळ मी नव्हते." दफनविधीला मोजकी माणसे होती आणि त्यात त्या नव्हत्या. हे त्यांनी पतीला सांगितले नव्हते, सासूबाईंना तर नाहीच. चार वर्षे रोज रात्री त्या ते देवाला सांगत होत्या आणि घरातली बाकीची माणसे ते ऐकत होती, पण प्रत्येक जण ते आपल्याबद्दलच आहे असे समजत होता. पुढे पतीशी बोलले तेव्हा कळले की, वडिलांना छत्रपती संभाजीनगरला वेळेवर हलवले नाही याचा ठपका बायको प्रार्थनेतून आपल्यावर ठेवते, असे त्यांना वाटत होते. ज्या घरात देवाशी मोठ्याने बोलण्याची पद्धत आहे, त्या घरात माणसांशी बोलायचे राहून गेलेले सगळे प्रार्थनेत येऊन साचते, हे मला या कुटुंबात जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते. माझ्या माहेरी वडील हरिपाठानंतर विठ्ठलाला ऐकवण्याच्या निमित्ताने आमच्या प्रगतिपुस्तकाचा उद्धार करीत, ते मला त्या दिवशी कित्येक वर्षांनी आठवले.

एकत्र बैठकीत मुलगा बोलला. मला भीती होती की आई लगेच "अरे वेड्या, तसं काही नसतं" म्हणतील; असे म्हटले की मुलाचे ओझे हलके होत नाही, त्याचा विषय तेवढा बंद होतो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी आजोबांच्या शेवटच्या दिवसाची वेळ, ऑक्सिजनची पातळी, फुप्फुसांची अवस्था हे सगळे एखाद्या सहकाऱ्याला सांगावे तसे त्याला क्रमाने सांगितले. सकाळीच काय होणार ते डॉक्टरांनी फोनवर कळवले होते. चार वाजता तो जागा असता तरी उपयोग नव्हता आणि हे आपण तेव्हाच त्याला सांगायला हवे होते, असेही त्या म्हणाल्या. नंतर, मला वाटते हे त्यांना तिथेच सुचले, त्यांनी पर्समधले लहान शास्त्र काढले आणि तोच बागेचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातून काढून दाखवला. शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते, असे तिथे लिहिले आहे. "लूक वैद्य होता," त्या मुलाला म्हणाल्या, "म्हणून त्याने कारण लिहिलं." मी त्या धर्माची नाही, त्यामुळे असे उत्तर माझ्याकडे असणे शक्यच नव्हते. समुपदेशकाने श्रद्धेच्या आत शिरून उपदेश करू नये. त्या घरातल्या माणसाला स्वतःच्या शब्दांपर्यंत पोहोचायला जागा द्यावी, असे मी मानते.

त्यानंतरची कामे साधी होती. मुलाचे दोष त्याच्यादेखत देवापुढे मांडायचे नाहीत, जे सांगायचे ते आधी त्याला सांगायचे आणि त्याच्यासाठी मोठ्याने काही मागायचे असेल तर त्याला विचारून मागायचे, एवढे ठरले. स्वतःचे जे फार खासगी आहे ते एकांतात बोलावे, असे मी सुचवले तेव्हा, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला येशूनेच सांगितले आहे, असे त्याच मला म्हणाल्या. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दार लावता येईल अशी जागा न्हाणीघरच आहे, ही गोष्ट वेगळी. दृढीकरणाविषयी त्या पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलल्या. त्यांनी वाद न घालता एक वर्ष पुढे ढकलले आणि बाईंना लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून दिली: पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या मनाने घेतला. नातेवाइकांना काय सांगायचे हा प्रश्न राहिलाच. तो मी सोडवू शकले नाही.

प्रार्थनेला न बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे अशी एखादी दुपार दडलेली असते, असे मी म्हणणार नाही. कित्येक मुलांना खरोखरच कंटाळा आलेला असतो आणि काहींचा विश्वास खरोखरच उरलेला नसतो; तेही ऐकून घ्यावे लागते. मात्र पूर्वी मनापासून बसणारे मूल एका ठरावीक काळापासून बदलले असेल तर त्या काळात घरात काय घडले होते, हे पालकांनी आधी आठवून पाहावे. झोप आणि भूक मोडली असेल, मूल सतत स्वतःला दोष देत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर समुपदेशकाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही कोणत्याही वेळी लागतो. या मुलाच्या बाबतीत तशी वेळ नव्हती. मी पहिल्याच भेटीत ते विचारून घेतले होते.

जेवणाआधीच्या प्रार्थनेची वेळ बदलण्याची माझी सूचना मात्र त्या घरात मान्य झाली नाही. सासूबाईंनी ठाम नकार दिला. एवढेच झाले की चाळीस मिनिटांची पंधरा झाली. परवा बाईंचा फोन आला होता. मुलगा अजून डोळे मिटत नाही, पण एका रात्री त्याने आजोबांचे आवडते भजन स्वतःहून सुरू केले, असे त्या सांगत होत्या. "आता मीच मधून डोळे उघडून त्याच्याकडे बघते, ताई," त्या म्हणाल्या. तो काय करत असतो, असे मी विचारले.

"दुरडीकडे बघत असतो," त्या म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या.