ऐकलेल्या कथांची सरमिसळ

प्रश्न : कामावर जाता-येता मी ऑडिओबुक ऐकते. कादंबरी व्यवस्थित लक्षात राहते. मात्र कथासंग्रह ऐकून संपला की कोणते पात्र कोणत्या कथेतले, हेच आठवेनासे होते. कथासंग्रह ऐकण्याच्या भानगडीत पडूच नये का?

उत्तर : अवश्य पडावे. एका प्रवासात पुरी होणारी कथा ऐकायला सोयीचीच असते. तुमची अडचण दोन कथांच्या मधल्या जागेत आहे. छापील पुस्तकात कथा संपते तिथे बहुधा थोडे पान कोरे राहते, पुढे नवे शीर्षक ठळक दिसते आणि वाचक आपोआप थबकतो. ॲपमध्ये मात्र काही सेकंदांच्या शांततेनंतर पुढची कथा सुरूही होते. आदल्या कथेचा शेवट मनात घोळत असतानाच नव्या कथेतली माणसे, त्यांची नाती, स्थळ-काळ हे सारे पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत सांगून होते आणि नेमके तेच निसटते. कादंबरीत असे निसटलेले पुढच्या प्रकरणांत पुन्हा भेटते; वीस मिनिटांच्या कथेला तेवढी सवड नसते.

ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके निघाली, तेव्हा तबकडीची एक बाजू सुमारे २५ मिनिटांत संपे आणि ती उलटावीच लागे. आता ही उसंत आपली आपणच काढायची. अनेक ॲपमधील स्लीप टायमरला ‘प्रकरण संपेपर्यंत’ असा पर्याय असतो. तो निवडल्यास कथेअखेर आवाज थांबतो. त्यानंतर लगेच दुसरी कथा लावू नये.

आवाजाचाही भाग आहेच. सगळा संग्रह एकाच व्यक्तीने वाचलेला असेल, तर ओळीने आलेल्या दोन प्रथमपुरुषी कथांतला ‘मी’ कानाला एकच वाटतो. अशा कथा वेगवेगळ्या दिवशी ऐकाव्यात. प्रत्येक कथेला निराळा वाचक असलेले संग्रहही मिळतात. तरी पाच नाटकी आवाजांपेक्षा एक संयत आवाज मी केव्हाही पसंत करीन. वेग दीडपट करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण कथेतला विरामही त्यात आखूड होतो.

शेवटची एक व्यावहारिक गोष्ट : काही ऑडिओबुकांत कथेच्या नावाऐवजी नुसते ‘भाग ५’ असे दिसते. अशा वेळी छापील आवृत्तीची अनुक्रमणिका मिळवून जवळ ठेवावी आणि ऐकून झालेल्या कथेपुढे पात्राचे नाव टिपावे.