डिपॉझिटसाठी कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नव्या नोकरीसाठी गाव बदलायचं आहे. नवे घरमालक चार महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागताहेत. त्यावर पहिलं भाडं आगाऊ, एका भाड्याएवढी दलाली आणि सामान हलवायला अर्ध्या भाड्याएवढा खर्च, म्हणजे एकूण साडेसहा भाडी. हाताशी शिल्लक पाच भाड्यांची. जुन्या घराचे दोन भाड्यांएवढे पैसे परत यायचेत, पण ते घर सोडल्यावर महिनाभराने. शिल्लक मोडवत नाही म्हणून अख्ख्या डिपॉझिटसाठी वर्षभराचं, १२ टक्के फ्लॅट दराचं वैयक्तिक कर्ज घ्यायचं तुमच्या मनात आहे.

हे कर्ज घेऊ नका. शिल्लक पार रिकामी करायची नाही हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे, आणि ते सांभाळूनच मी पुढचं सांगतो.

फ्लॅट दरात मुद्दल फिटत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच लागतं. त्यामुळे वर्षभराच्या कर्जावर १२ टक्के फ्लॅट म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज लावण्याच्या हिशेबाने सुमारे २१ टक्के. व्याजातच जवळजवळ अर्धं भाडं जाईल. त्याहून मला खुपतो तो हप्ता: दरमहा भाड्याच्या सुमारे ३७ टक्के. परवडतं म्हणून जे घर निवडलंत ते वर्षभर सव्वापटीहून महाग पडेल, तेही नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात. डिपॉझिट उद्या परत मिळेल, व्याज मिळणार नाही.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की नवी कंपनी दोन भाड्यांएवढी बिनव्याजी उचल देते, दहा महिन्यांत पगारातून कापून घेते, पण ‘पहिल्याच दिवशी हात कसा पसरायचा?’ तुमचा संकोच मला समजतो. पण गाव बदलून येणाऱ्यांसाठीच ही सोय ठेवलेली असते. ती घ्या. कपात भाड्याच्या २० टक्के होईल, व्याज शून्य.

मग घरमालकांशी बोला: निम्मं डिपॉझिट आता, निम्मं दोन महिन्यांनी, करारात तारीख घालून. नियमित पगाराचा भाडेकरू मिळत असेल तर बरेच घरमालक याला तयार होतात. म्हणजे आज साडेचार भाडी लागतील. त्यातली दोन उचलीतून, अडीच शिलकीतून. उरलेलं डिपॉझिट जुन्या घराच्या पैशातून भागेल आणि गाठीला अडीच भाडी राहतील. ते नाहीच म्हणाले, तर मधल्या काळापुरती शिलकीतून आणखी दोन भाडी काढा आणि जुने पैसे आले की आधी ती भरून टाका.

डिपॉझिटऐवजी दरवर्षी शुल्क घेणाऱ्या योजनेचंही तुम्ही विचारलंय. ते शुल्क परत मिळत नाही, आणि घराचं नुकसान झालं तर सहसा त्याची भरपाईही तुमच्याकडूनच वसूल होते. तुम्हाला त्याची गरज नाही. ज्यांच्याकडे शिल्लकच नाही त्यांनी आधी स्थानिक प्रशासन, सेवाभावी संस्था, पतसंस्था यांच्याकडे चौकशी करावी. काही ठिकाणी डिपॉझिटसाठी बिनव्याजी रक्कम किंवा रोख रकमेऐवजी घरमालकाला हमीपत्र मिळतं.

या सगळ्या हिशेबात एक जागा कच्ची आहे: जुन्या घराचे पैसे पूर्ण येतील हे आपण धरून चाललोय. रंगकाम, वीजबिल, तुटका नळ असं काही ना काही कापलं जातं. म्हणून किल्ली देण्याआधी घरमालकांसोबत प्रत्येक खोली बघा, तारखेसह फोटो काढा, मीटरचा आकडा टिपा आणि किती रक्कम कधी देणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या, साध्या मेसेजवर चालेल. नव्या घरात सामान लावण्याआधीही असेच फोटो काढून घरमालकांना पाठवा. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, कशाकशाचे पैसे कापणार, हे करारात येईपर्यंत टोकन देऊ नका.