एक पोर्ट, अनेक सॉकेट

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तुझा चॅट सर्व्हर बघितला. कोड बरा आहे, पण वर कॉमेंटमध्ये 'प्रत्येक क्लायंटला सर्व्हर नवा पोर्ट देतो' असं लिहिलंयस, ते आधी खोड.

नवरात्रात अंबाबाईच्या महाद्वारातून किती माणसं आत जातात! प्रत्येकासाठी कुणी भिंत फोडून नवं दार काढत नाही. पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक असलेलं दार. तुझा सर्व्हर ५००० वर लिसन करतोय, म्हणजे त्या दाराशी येणाऱ्यांची वाट बघतोय. ॲक्सेप्ट केलं की हातात नवा सॉकेट, म्हणजे त्या एका कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, येतो, पण त्याचाही पोर्ट ५०००च.

मग कोण कुठला ते कळतं कसं? क्लायंटचा आयपी (मशीनचा पत्ता) आणि पोर्ट, सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट, या चौघांवरून. एक जरी बदलला की कनेक्शन वेगळं. दोन क्लायंट चालू ठेव आणि चालू कनेक्शन दाखवणारी नेटस्टॅट कमांड देऊन बघ. ५००० समोर ४१८७२, ४१८८६ असले काहीतरी आकडे दिसतील. ते क्लायंटला ऑपरेटिंग सिस्टिमनं तात्पुरते दिलेले. लिनक्सवर सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधले. सगळं एकाच मशीनवर आहे, म्हणून प्रत्येक जोडी उलटसुलट दोनदा दिसेल, गोंधळू नकोस.

तेव्हा पोर्टचे आकडे ६५ हजारांच्या आसपासच, म्हणून तेवढे क्लायंट झाले की सर्व्हरचे पोर्ट संपणार, ही भीती फुकाची. त्याच्या कितीतरी आधी फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादा, म्हणजे एका प्रोग्रॅमला एकावेळी किती फाइली आणि सॉकेट उघडे ठेवता येतात ती, आडवी येईल. बऱ्याच लिनक्सवर ती १०२४ असते.

रूममेटच्या लॅपटॉपवरून कनेक्ट होत नाही म्हणालास, त्यात पोर्टचा दोष नाही. तू सर्व्हर १२७.०.०.१ वर बाइंड केलायस, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्यांना दिसतो. ०.०.०.० कर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. तरी अडलं तर फायरवॉल बघ.

खरी गोची रिसीव्हमध्ये, म्हणजे आलेला डेटा वाचण्यात आहे. तुझं कनेक्शन ज्या नियमांनी चालतं ते टीसीपी म्हणजे बाइटांचा ओघ. मेसेज कुठं संपला ते त्याला ठाऊक नसतं. 'जेवलास काय' आणि 'तांबडा होता' वेगवेगळं पाठवलंस तरी पलीकडं 'जेवलास कायतांबडा होता' असं एकदमच येऊ शकतं. नाहीतर अर्धंच. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत, 'त' तीन बाइटांचा. तुकडा नेमका मधेच पडला की डीकोड करताना एरर. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून इंग्रजीत टेस्ट करणाऱ्यांना हे कळतही नाही, तेव्हा टेस्ट मराठीतच कर.

मेसेजच्या आधी त्याची बाइटांमधली लांबी चार बाइटांत पाठव, आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहा. रिकामं काही आलं तर समोरच्यानं कनेक्शन बंद केलंय, लूपमधून बाहेर पड. एवढं करून रविवारी ये. थ्रेडचं, म्हणजे एकाच वेळी अनेक क्लायंट सांभाळायचं, तेव्हा बघू.

तुझा,
सर