अँडरसन विसाव्या वर्षी खेळला, मग आमचा मुलगा?

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. वेगवान गोलंदाजी करतो. वेग वाढावा म्हणून अकादमीतले सर त्याची अ‍ॅक्शन (चेंडू टाकण्याची पद्धत) बदलत आहेत. दोन महिन्यांपासून त्याची कंबर दुखते. 'जेम्स अँडरसन विसाव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला, कॉलेजात वेळ घालवू नका,' असं सर म्हणतात. कॉलेज सोडवावं का? – एक वडील, सांगली

उत्तर : कॉलेजचं नंतर बघू, आधी कंबरेचं बोलतो. या वयात हाडं अजून पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. दुखणं एकाच बाजूला असेल (उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेकदा डावीकडे) आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर ते अंगावर काढू नका. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ही चीर दिसत नाही, एमआरआय लागतो. खेळाडूंवर उपचार करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा, आणि तोवर एकही चेंडू टाकू देऊ नका.

आता अँडरसन. सरांनी सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. बर्नली या छोट्या गावातल्या क्लबात तो वाढला. सतराव्या वर्षाच्या आसपास उंची भराभर वाढली आणि चेंडूला एकदम वेग आला. 2002 मध्ये तो लँकेशायर या कौंटीच्या (आपल्याकडच्या रणजी संघासारख्या) मुख्य संघात आला आणि त्याच डिसेंबरात मेलबर्नला पहिला एकदिवसीय सामना खेळला. निवड इतक्या घाईत झाली, की त्याच्या शर्टावर ना नाव होतं ना नंबर. मे 2003 मध्ये लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत, झिम्बाब्वेविरुद्ध, त्याने एका डावात 5 बळी घेतले.

पुढची पाच वर्षं मात्र कुणी सांगत नाही. चेंडू सोडताना त्याची मान खाली जायची. अशाने पाठ जाईल म्हणून प्रशिक्षकांनी अ‍ॅक्शन बदलायला लावली. वेग गेला, स्विंग गेला, संघातली जागाही पक्की राहिली नाही. 2005 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची गाजलेली अ‍ॅशेस मालिका तो खेळलाच नाही. मार्च 2006 मध्ये आपल्या वानखेडेवर पहिल्या डावात 4 बळी घेतले, आणि त्याच वर्षी पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर (वर सांगितली तशीच बारीक चीर) होऊन इंग्लंडमधला जवळपास सगळा मोसम गेला. मग तो आपल्या जुन्या अ‍ॅक्शनकडे परतला. 2008 च्या वेलिंग्टन कसोटीत संधी मिळाल्यावर डावात 5 बळी घेतले, तेव्हा कुठे जम बसला. 704 कसोटी बळींपैकी बहुतेक त्यानंतरचे आहेत.

या काळात लँकेशायरसारखी पगारी कौंटी, फिजिओ आणि डॉक्टर त्याच्या पाठीशी होते. तुमच्या मुलाच्या पाठीशी आज फक्त तुम्ही आहात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून सरांना आदराने पण स्पष्ट विचारा, बदल नेमका कशासाठी? चेंडू टाकताना खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे वळत असेल, तर ते सुधारायलाच हवं. समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून दाखवायला सांगा. पण कारण नुसतं 'वेग वाढेल' एवढंच असेल, तर बदल थांबवा. दिवसाला किती षटकं टाकतो याची वही ठेवा, नेटमधली षटकंही त्यात धरा. इंग्लंडच्या बोर्डाने तर वयानुसार एका स्पेलमध्ये (सलग) आणि दिवसात किती षटकं टाकायची याची मर्यादाच घालून दिली आहे.

कॉलेज सोडवू नका. सायन्सची प्रॅक्टिकल्स आणि सराव जमत नसेल तर कॉमर्स किंवा आर्ट्सला बदली घ्या. अगदीच वेळ आली तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते. सोळाव्या वर्षी त्याला अजिबात उशीर झालेला नाही. कूचबिहार ट्रॉफीच्या 19 वर्षांखालील संघासाठी त्याच्याकडे अजून वेळ आहे.

आणि कंबर किती दुखते, हे सर समोर नसताना त्याला विचारा. संघातून नाव जाईल या भीतीने मुलं दुखणं लपवतात. एमआरआयचा रिपोर्ट आला की मला कळवा, पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक आपण तिघं बसून ठरवू.