पॅराग्लायडिंगचे रिझर्व्ह पॅराशूट घरी रिपॅक करता येते का आणि ते किती दिवसांनी करावे?

तुम्ही कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलात, एक वापरलेला हार्नेस (उडताना बसायचे पट्ट्यांचे आसन) रिझर्व्हसकट, म्हणजे संकटात उघडायच्या राखीव पॅराशूटसकट विकत घेतलात, तो दोन पावसाळे कपाटात पडून आहे, त्याची नोंदवही मिळालेली नाही आणि आता हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हिडिओ पाहून ते पॅराशूट घरीच रिपॅक करावे, म्हणजे उलगडून पुन्हा घडी घालून भरावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की आज ते ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत त्याच्या भरवशावर उडू नका, आणि पहिले रिपॅक एकट्याने करू नका. एखाद्या जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, पण स्वतःच्या हाताने करा. हार्नेस कोणाकडे तरी सोपवून दोन दिवसांनी घेऊन येणे हा मार्ग मला पसंत नाही, कारण वेळ आली तर ते हँडल तुम्हालाच ओढायचे आहे. घडी उलगडण्याआधी मात्र एक काम अवश्य करा, जे बहुतेक लोक गाळतात: हार्नेस टांगून त्यात बसा आणि रिझर्व्ह खरोखरच ओढून फेकून पाहा.

हार्नेसचे दोन्ही मुख्य कॅराबिनर (पंख अडकवायच्या कड्या) भक्कम तुळईला अडकवावेत, सर्व पट्टे बांधावेत, हवेत असताना बसतो तसे रेलून बसावे आणि कोणीतरी बाजूला उभे राहून नीट पाहावे. हँडल नजरेने शोधायचे, घट्ट धरायचे, ओढायचे आणि घडी घातलेले पॅराशूट ज्यात असते ती आतली पिशवी बाहेर आली की जोराने दूर फेकून हँडल हातातून सोडून द्यायचे. हँडल हाताला सहज सापडते का, रिझर्व्हच्या कप्प्याच्या झडपा बंद ठेवणाऱ्या पिना कोणत्या दिशेने ओढल्यावर सुटतात, वेल्क्रो किती जोर मागतो, हे या एका प्रयोगात कळते. वेल्क्रो महिनोन्‌महिने न उघडता राहिला तर तो अधिक घट्ट धरून बसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वापरलेल्या सामानात हार्नेस एका कंपनीचा, पॅराशूट दुसऱ्या कंपनीचे आणि हँडल तिसरीकडून आलेले, असे वारंवार आढळते. माझ्यासमोर एका वैमानिकाने अशीच चाचणी घेतली होती. रिझर्व्हची घडी अत्यंत नीटनेटकी होती, परंतु हँडलला जोडलेली पट्टी इतकी आखूड होती की पिना सुटण्याआधीच आतल्या पिशवीवर ताण येत होता. पिशवी कप्प्याच्या बंद झडपांना आतून दाबत होती आणि त्या दाबामुळे पिना उलट अधिकच आवळल्या जात होत्या. दोन्ही हातांनी ओढूनही पिशवी बाहेर आली नाही. आधी पिना सुटल्या पाहिजेत आणि मगच पिशवीवर ओढ आली पाहिजे. त्यासाठी पट्टीत पुरेशी ढील हवी, आणि ती पिशवीच्या कोणत्या फासाला जोडायची हे त्या हार्नेसच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

ही चाचणी झाली की पॅराशूट पूर्ण उलगडा. गोल पॅराशूट असेल तर ते शेंड्याकडून टांगून कोरड्या, सावलीच्या, हवेशीर खोलीत दिवसभर तरी राहू द्यावे. दीर्घकाळ दाबून राहिलेल्या कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात आणि उघडताना वेळ घेतात. कामशेतच्या टेकडीवर जमिनीपासूनची उंची मुळातच थोडी असते तेथे असा एक-दोन सेकंदांचा उशीरही परवडणारा नाही. टांगलेले असतानाच प्रत्येक पॅनेल (कापडाचा शिवलेला तुकडा) उजेडासमोर धरून पाहा. बुरशीचे ठिपके, गंजाचे डाग, शिवणीतून निसटलेले टाके, घर्षणाने वितळून चमकदार झालेली जागा यांपैकी काहीही दिसले तर पुढे जाऊ नका, ते पॅराशूट उत्पादकाकडे किंवा अधिकृत तपासनिसाकडे पाठवा. घरी सुईदोरा घेऊन दुरुस्ती कधीही करू नये, साबणाने धुऊ नये आणि उन्हात वाळत घालू नये, कारण अतिनील किरणांमुळे नायलॉनचा जोर कमी होतो.

घडी घालण्यासाठी लांब, स्वच्छ टेबल मिळाले तर उत्तम. सभागृहाची कोरडी, झाडलेली फरशीही चालते. आधी सर्व दोऱ्या सुट्या आणि सरळ आहेत ना हे पाहायचे, शेंडा खाली ओढून धरणारी मधली दोरी कोणत्याही बाजूच्या दोरीत गुंतलेली नाही याची खात्री करायची आणि मग पॅनेले एकावर एक, निऱ्या घालाव्यात तशी, डावीकडे निम्मी आणि उजवीकडे निम्मी लावत जायची. दोन्हीकडची संख्या मोजा, अंदाजाने समजू नका. ज्या चिमट्यांनी आणि वजनाच्या पिशव्यांनी घड्या धरून ठेवता त्यांना लाल फीत बांधा, काम सुरू करण्यापूर्वी ते मोजून ठेवा आणि पिशवी बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजा, कारण घडीत राहून गेलेला एक चिमटा पॅराशूट उघडू देणार नाही. चौकोनी किंवा दिशा देता येणारे पॅराशूट असेल तर त्याची घडी पूर्णपणे वेगळी असते. तेथे त्या मॉडेलच्या पुस्तिकेखेरीज कशावरही विसंबू नये.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष दोऱ्यांचे वेढे पिशवीवर धरून ठेवणाऱ्या रबरांकडे द्यावे. पिशवी फेकल्यावर आधी पॅराशूट हार्नेसशी जोडणारी पट्टी, म्हणजे राइझर, ताणली जाते, मग दोऱ्या एकेका रबरातून सुटत जातात, शेवटचा वेढा सुटला की पिशवीच्या झडपा उघडतात आणि तेव्हाच कापड बाहेर येते. म्हणजे त्या झडपा बंद ठेवण्याचे काम दोऱ्यांच्या शेवटच्या एका-दोन वेढ्यांवर असते. हा वेढा रबराबाहेर फार आखूड राहिला तर पिशवी वेळेआधी उघडू शकते, आणि फार लांब राहिला तर त्यात दुसरे काही अडकू शकते. पुस्तिकेत दिलेली काही सेंटिमीटरची लांबी पट्टीने मोजून ठेवणे योग्य. रबर जुने झाले की ठिसूळ होते किंवा उष्णतेने चिकट होऊन दोरीला धरून बसते, म्हणून प्रत्येक रिपॅकच्या वेळी सर्व रबरे बदलावीत, आणि ती उत्पादकाने सांगितलेल्या मापाचीच असावीत. किराणा दुकानातल्या पुड्यांना लावतात तसली रबरे नकोत आणि जास्त घट्ट बसावे म्हणून एकाच रबराचे दोन फेरे तर मुळीच नकोत.

राइझर हार्नेसला जिथे जोडला जातो ती जागाही तितक्याच बारकाईने पाहा. स्टीलचा मायलॉन (नट फिरवून बंद करायची कडी) असेल तर त्याचा नट पूर्ण आवळलेला असावा आणि पट्ट्या त्यावर सरकणार नाहीत अशा बांधलेल्या असाव्यात. पट्टीत पट्टी ओवून फास दिलेला असेल तर तो आधीच घट्ट ओढून बसवलेला असावा. सैल फास उघडण्याच्या झटक्यात घसरतो आणि नायलॉनवर नायलॉन घासून निर्माण होणारी उष्णता पट्टी वितळवू शकते.

किती दिवसांनी हे सगळे करायचे, तर बहुतेक उत्पादक ६ ते १२ महिने सांगतात आणि दमट हवामानात त्यातील लहान मुदत पाळण्याची सूचना करतात. अमेरिकेत विमानात आपत्कालीन उपयोगासाठी ठेवलेल्या पॅराशूटबाबत कायदाच आहे: कृत्रिम धाग्याचे पॅराशूट मागील १८० दिवसांत आणि रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याचे मागील ६० दिवसांत परवानाधारक रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाने, पॅक केलेले असावे लागते. कृत्रिम धाग्यासाठीची ही मुदत २००८ च्या अखेरीपर्यंत १२० दिवस होती. पॅराग्लायडिंगच्या हार्नेसला रिगरने पॅक केल्याचे सील नसते, जबाबदारी उडणाऱ्यावरच येते. सह्याद्रीत उडणाऱ्यांनी वर्षातून दोनदा, म्हणजे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात आणि पुन्हा हंगामाच्या मध्यावर रिपॅक करावे, असे मला वाटते. जून ते सप्टेंबर उडणे बंद असते, तेव्हा मेच्या अखेरीस रिझर्व्ह उघडून सैल करून, सुती पिशवीत, घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवावे. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत, कारण पॅराशूटच्या कापडाजवळ कोणतेही रसायन नको. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत हार्नेस ठेवून देण्याची सवय अनेकांना असते, तीही मोडावी.

गोव्याला आरंबोलच्या कड्यावर उडणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हार्नेस समुद्रात भिजला, तर त्याच दिवशी रिझर्व्ह काढून भरपूर गोड्या पाण्याने खळबळून घ्यावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नये, कारण वाळलेल्या मिठाचे खडे धाग्यांना आतून कापत राहतात.

तुमच्या बाबतीत या सगळ्याआधी पॅराशूटवरचे शिवलेले लेबल वाचा. त्यावर निर्मितीची तारीख, कमाल वजन आणि ईएन १२४९१ या युरोपीय मानकाचा उल्लेख असायला हवा. वजन म्हणजे फक्त तुमचे नव्हे, तर पंख, हार्नेस आणि खिशातल्या पाण्याच्या बाटलीसकट सगळे. त्या मानकानुसार कमाल वजनाला उतरण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा जास्त नसतो, आणि सुमारे दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यावर जमिनीला पाय लागताना एवढाच वेग असतो. वजन जास्त झाले, किंवा बीर-बिलिंगसारख्या ठिकाणी उंचावरील विरळ हवेत उतरावे लागले, तर तो वाढतो. बहुतेक उत्पादक रिझर्व्हचे आयुष्य १० वर्षांच्या आसपास धरतात. तारीख त्यापलीकडची असेल किंवा लेबलच वाचता येत नसेल, तर विक्रेत्याने ते कधीही वापरले नसल्याचे कितीही सांगितले तरी नवीन घ्या. जुने फेकू नका आणि पुढे विकूही नका. कापडावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त सरावासाठी’ असे रंगवून टाका आणि टांगलेल्या हार्नेसमधून फेकण्याच्या सरावासाठी ते तुमच्या गटाला द्या.